डक्टमधली धूळ: काढायची की राहू द्यायची?

एसीचे डक्ट साफ करून देणाऱ्यांच्या जाहिरातीत दोन फोटो शेजारी शेजारी असतात. डावीकडचा डक्ट आतून राखाडी लोकर पांघरल्यासारखा, उजवीकडचा चकचकीत. खाली एक वाक्य: तुमचं कुटुंब हेच श्वासावाटे आत घेतंय. फोटो बऱ्याचदा खरा असतो. वाक्याचं तसं नाही. डक्टच्या पत्र्यावर बसलेली धूळ वेगळी आणि नाकात जाणारी धूळ वेगळी. हा फरक कळला की साफसफाईवर खर्च करायचा की नाही, हे ठरवायला फार वेळ लागत नाही.

## आधी पाहा, घरात डक्ट आहे का

भिंतीवर टांगलेल्या स्प्लिट एसीला डक्ट नसतो. तो वरून खोलीतली हवा ओढतो, थंड करतो आणि खालून सोडतो. त्यातून काळे ठिपके उडत असतील तर ते बहुधा आतल्या ब्लोअरच्या (हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) लांबट, पिंजऱ्यासारख्या चाकावरून सुटलेले असतात. तिथे धूळ आणि बुरशीचा थर जमतो. चाक आणि कॉइल, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांचं जाळं, धुणं हा त्यावरचा उपाय. अशा एसीसाठी कुणी ‘डक्ट क्लीनिंग’ सुचवलं तर आधी डक्ट दाखवा म्हणावं.

एकच मोठं यंत्र अनेक खोल्या थंड करतं, तेव्हा डक्ट लागतात. डक्ट म्हणजे हवा वाहून नेणारा बंद मार्ग: पत्र्याचा चौकोनी, किंवा तारेच्या वेटोळ्यावर प्लास्टिक चढवलेला लवचिक गोल. तो फॉल्स सीलिंगच्या वरून फिरवलेला असल्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या दृष्टीस पडत नाही. खोल्यांतली हवा एका मोठ्या जाळीतून आत ओढली जाते, या बाजूला रिटर्न म्हणतात. वाटेत फिल्टर, थंड कॉइल आणि ब्लोअर लागतो. थंड झालेली हवा छोट्या जाळ्यांतून परत खोल्यांत येते, ती सप्लायची बाजू.

एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो असं अनेकांना वाटतं. बहुतेक घरगुती यंत्रणा तसं करत नाहीत. कारंज्याच्या हौदातलं तेच पाणी पुन्हा पुन्हा वर चढावं तशी घरातलीच हवा फिरत राहते. त्यामुळे डक्टमध्ये जमते तीही घरचीच धूळ: कपड्यांचे तंतू, त्वचेचा भुसा, केस, पायांना लागून आलेली माती आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारा स्वयंपाकघरातला तेलकटपणा.

## पंख्याचं पातं

छताचा पंखा महिनाभर पुसला नाही की पात्याच्या कडेवर काळसर थर जमतो. पातं मिनिटाला तीनशेच्या आसपास फेऱ्या मारतं, तरी तो थर उडून जात नाही. कारण पात्याला अगदी लागून असलेला हवेचा पातळ पापुद्रा पात्याबरोबरच फिरतो. धुळीच्या कणाच्या दृष्टीने तिथे वारा जवळपास नसतोच.

डक्टच्या आत हेच घडतं. मधोमध हवा सेकंदाला ३ ते ५ मीटर वेगाने वाहते, पण पत्र्यालगत ती जवळजवळ थांबलेली असते. तिथे पोचलेला बारीक कण चिकटतो आणि बसतो तो बसतोच. म्हणून पत्र्यावर पातळ थर दिसणं म्हणजे खोलीत धूळ येणं नव्हे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची, भूमिका अशीच आहे: डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, आणि डक्टमधल्या धुळीमुळे घरातल्या हवेत धूळ वाढते असंही अभ्यासांतून ठामपणे दिसत नाही. डक्टची साफसफाई हा वार्षिक नेम समजू नका, गरज असेल तेव्हाच करा, असा तिचा सल्ला आहे.

सप्लायच्या जाळीभोवती छतावर उमटलेलं काळं वर्तुळ पाहून बरेच जण घाबरतात. जाळीतून सुटणारा झोत आजूबाजूची खोलीतली हवा आपल्याकडे खेचतो आणि तिच्यातले कण छताला घासत चिकटत जातात. ते वर्तुळ बहुतांशी खोलीतल्या धुळीचं असतं. ओल्या फडक्याने पुसा. महिन्या-दोन महिन्यांत ते परत आलं तर डक्टच्या आधी फिल्टर आणि घराची झाडझूड बघा.

## खरी भानगड ओलीची

थंड पाण्याचा पेला टेबलावर ठेवला की बाहेरून त्याला घाम येतो. एसीचा कॉइल म्हणजे दिवसभर घाम गाळणारा असाच पेला. दमट हवेत मोठ्या घराची यंत्रणा दिवसाला दहा-वीस लिटर पाणी सहज काढते. ते कॉइलखालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ड्रेन पाइपने बाहेर जातं. निदान जायला हवं.

कोरड्या धुळीवर बुरशी वाढत नाही. ओल मिळाली की तीच धूळ तिचं अन्न होते. त्यामुळे बुरशी शोधायची ती सगळीकडे नाही. कॉइल, ट्रे, ब्लोअरची पाती आणि कॉइलनंतरचा पहिला एक-दोन मीटर डक्ट इथे. दूरच्या खोलीकडे जाणारा पत्रा बहुतेकदा कोरडाच असतो, अपवाद एकच: बाहेरचं इन्शुलेशन फाटलं असेल तर फॉल्स सीलिंगमधली दमट हवा थंड पत्र्याला लागते आणि तिथे थेंब जमतात. छतावर चहाच्या डागासारखा तपकिरी डाग दिसला की वर नेमकं हेच चाललेलं असण्याची शक्यता मोठी.

ओल वाढायची आणखी दोन कारणं सहसा कुणी सांगत नाही. पहिलं, गरजेपेक्षा मोठा एसी. तो दहा मिनिटांत खोली गार करून बंद पडतो, हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि घर गार पण चिकचिकीत राहतं. दुसरं, पंख्याची सेटिंग. ती ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’वर असेल तर कॉम्प्रेसर थांबल्यावरही ब्लोअर फिरत राहतो आणि कॉइलवरचं ताजं पाणी वाफ होऊन परत घरात येतं. घरातली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवायची. ३० ते ५० उत्तम. ती मोजणारं छोटं यंत्र हायग्रोमीटर या नावाने मिळतं. डक्ट धुण्याआधी ते घरात ठेवून आठवडाभर आकडे बघावेत.

हे सगळं तसंच ठेवून नुसता डक्ट घासला तर काही आठवड्यांत बुरशी पुन्हा तिथेच उगवते. गळकं छप्पर तसंच ठेवून भिंतीला रंग देण्यातला हा प्रकार.

## मग साफ करायचा कधी?

ईपीए तीन प्रसंग सांगते. डक्टमध्ये किंवा यंत्रणेच्या इतर भागांवर डोळ्यांना दिसेल एवढी बुरशी असेल तर. उंदीर, झुरळं किंवा इतर कीटकांनी आत वस्ती केली असेल तर. आणि धूळ-कचऱ्याने डक्ट तुंबले असतील किंवा सप्लायच्या जाळीतून कण खरोखरच खोलीत पडत असतील तर.

माझ्या मते यात चौथा प्रसंग ठळकपणे धरायला हवा: घराचं नूतनीकरण. पॉलिशपेपरने घासलेल्या पुट्टीची आणि कापलेल्या टाइलची भुकटी कोरडी आणि सुटी असते. पंख्याच्या पात्यावरच्या धुळीसारखी ती चिकटत नाही, डक्टच्या तळाशी ढीग होऊन पडते आणि ब्लोअर सुरू झाला की उसळते. काम चालू असताना एसी बंद ठेवून सगळ्या जाळ्यांवर प्लास्टिक चिकटवलं असेल तर हा प्रश्न उरत नाही. चिकटवलं नसेल तर साफसफाईचा खर्च अगदी योग्य आहे.

यांतला प्रसंग आपल्याकडे आहे का, हे अर्ध्या तासात बघता येतं. एसीचा मेन स्विच बंद करा. एका सप्लायच्या जाळीचे स्क्रू काढा, फोनचा व्हिडिओ टॉर्चसह सुरू करा आणि हात आत घालून चारही बाजूंनी फिरवा. पत्र्यावर बोट ओढून पाहा. बोटाची रेघ उमटली, धूळ पिठासारखी दिसली पण जागची हलली नाही, तर ती नेहमीची धूळ. बोट ओढताच गोळे सुटले, लेंड्या दिसल्या, काळे-हिरवे ठिपके पसरलेले दिसले किंवा कुबट वास आला, तर पुढे जायला हवं. हेच रिटर्नच्या जाळीतून करा. धूळ तिथे नेहमीच जास्त असते, कारण ती बाजू फिल्टरच्या आधी येते. फिल्टर रिटर्नच्या जाळीतच बसवलेला असेल तर मात्र आतला डक्ट स्वच्छ असायला हवा. तो मळलेला दिसला तर फिल्टरच्या कडेने हवा निसटतेय असं समजा.

आणखी एक चाचणी. एका सप्लायच्या जाळीवर पांढऱ्या पातळ सुती कापडाचा तुकडा चिकटवा आणि एसी दोन तास चालवा. कापडावर खडबडीत कण किंवा तंतू साठले तर डक्टमधून खरंच काहीतरी बाहेर येतंय. एका वेळी एकच जाळी झाका, सगळ्या झाकल्या तर हवा अडून कॉइलवर बर्फ धरेल.

काळे ठिपके म्हणजे बुरशीच असं नजरेने ठामपणे सांगता येत नाही. ते प्रयोगशाळेचं काम. ‘बुरशी आहे’ म्हणणाऱ्याला ती जागेवर दाखवायला सांगा. त्याच्या फोनमधला फोटो तुमच्याच डक्टचा आहे, हे कशावरून?

## नीट साफसफाई कशी होते

घरच्या व्हॅक्यूमचा पाइप जाळीत हातभर घालून फिरवणं म्हणजे डक्ट साफ करणं नव्हे. खऱ्या पद्धतीत दोन गोष्टी एकाच वेळी चालतात: एकीकडून जोरदार ओढ आणि दुसरीकडून घासणं. नुसती ओढ लावली तर चिकटलेला थर हलत नाही. नुसतं घासलं तर सगळी धूळ घरभर होते.

आधी यंत्रणेची पाहणी होते, मग वीज बंद केली जाते. ब्लोअरजवळच्या मुख्य डक्टला साधारण वीतभर रुंदीचं भोक पाडून त्याला मोठ्या व्हॅक्यूमची नळी जोडतात. घरातल्या बाकी सगळ्या जाळ्या प्लास्टिकने बंद करतात, म्हणजे सगळी ओढ डक्टमध्ये लागते. सप्लाय आणि रिटर्न या दोन बाजू वेगवेगळ्या साफ करायच्या असतात. मग सर्वांत लांबच्या जाळीपासून सुरुवात करून एकेक जाळी उघडतात. आत फिरता ब्रश किंवा दाबाच्या हवेने फटकारे मारणारी नळी घालून धूळ व्हॅक्यूमच्या दिशेने ढकलत नेतात. व्हॅक्यूमची हवा घरातच सोडणार असतील तर त्याला हेपा फिल्टर हवाच, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या फिल्टरला हे नाव आहे. शेवटी ब्लोअरची पाती, कॉइल आणि ट्रे धुतात, पाडलेली भोकं पत्र्याची झाकणं लावून हवाबंद करतात.

कॉइल आणि ट्रे धुण्याचं काम अनेकदा गाळलं जातं आणि तेच सर्वांत महत्त्वाचं. डक्ट स्वच्छ करून कॉइल तसाच ठेवला तर ताट घासून हात न धुता जेवायला बसल्यासारखं आहे. मध्यम घराला दोन माणसांचे तीन ते पाच तास लागतात. पाऊण तासात पूर्ण घर उरकणारे नेमकं काय करून जातात, याचा अंदाज तुम्हीच बांधा. या व्यवसायातल्या नॅडका या अमेरिकी संघटनेने पत्र्याच्या डक्टसाठी मोजता येणारी कसोटीही ठरवली आहे: साफ केलेल्या पृष्ठभागावरून ठरावीक पद्धतीने धूळ ओढून वजन केल्यावर १०० चौरस सेंटीमीटरमागे ती ०.७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघता कामा नये. घरासाठी एवढं मोजमाप क्वचितच होतं, पण कामाआधीचे आणि नंतरचे, त्याच जागेचे, तुमच्यासमोर काढलेले व्हिडिओ मागणं सहज शक्य आहे.

## प्रत्येक डक्ट घासण्याजोगा नसतो

साधा पत्रा कडक ब्रश सोसतो. लवचिक डक्टचं आतलं प्लास्टिक पातळ असतं, फिरत्या ब्रशने ते फाटतं आणि फाटल्याचं बाहेरून कळतही नाही. तिथे मऊ ब्रश आणि बेताचा हवेचा दाब वापरायचा. डक्ट जुना, झोळ पडलेला असेल तर सरळ बदलावा. झोळ हाही एक रोगच: आधारांमधला भाग मीटरमागे ४ सेंटीमीटरपेक्षा जास्त खाली लोंबला की हवा अडते आणि खळग्यात कचरा साठतो. दर सव्वा ते दीड मीटरवर रुंद पट्टीचा आधार हवा. बारीक तारेने आवळलेला डक्ट तिथेच चिमटला जातो.

काही डक्टना आतून ग्लासवूलचं, म्हणजे काचेच्या तंतूंच्या लोकरीचं, अस्तर असतं. ते एकदा ओलं होऊन बुरशी धरली की साफ होत नाही. गादीत मुरलेलं पाणी वरून पुसून जातं का? ते अस्तर काढून टाकायचं आणि नवीन बसवायचं.

## ‘जंतुनाशक फवारून देतो’

साफसफाईनंतर हा प्रस्ताव हमखास येतो. फवारलेलं रसायन पुढे कित्येक तास घरातल्या हवेत येत राहणार, हे लक्षात घ्या. पत्र्यावरची दिसणारी बुरशी घासून काढली आणि ओल थांबवली तर फवारणीची गरज सहसा पडत नाही. ग्लासवूलचं अस्तर असलेल्या डक्टमध्ये वापरायला ईपीएने एकाही जंतुनाशकाची नोंदणी केलेली नाही. कुणी आग्रह धरलाच तर बाटलीवरचं लेबल वाचायला मागा. डक्टमध्ये वापरण्याची परवानगी त्यावर स्पष्ट छापलेली नसेल तर नको म्हणा. ओझोन सोडणारी यंत्रं तर अजिबात नकोत. बुरशीवर प्रभाव पडेल एवढा ओझोन फुप्फुसांनाही झोंबतो.

लिजिओनेलाची भीतीही दाखवली जाते. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एका अधिवेशनाला आलेल्या लोकांमध्ये न्यूमोनियाची साथ पसरली आणि त्यातून या जिवाणूचा शोध लागला. तो पाण्यात वाढतो आणि तुषारांतून पसरतो, म्हणून मोठ्या इमारतींचे कूलिंग टॉवर धोक्याचे. घरचा एसी हवा थंड करायला पाणी वापरत नाही, त्यामुळे तिथे ही भीती लागू होत नाही.

## वीजबिल कमी होईल का?

डक्ट साफ केल्याने जवळपास नाही. कॉइल आणि ब्लोअर साफ केल्याने हो, कारण पात्यांच्या फटीत धूळ बसली की हवा अडते, गारवा पोचत नाही आणि यंत्र जास्त वेळ चालतं.

पण बिलातला मोठा वाटा मळाचा नसतो, फटींचा असतो. सामान्य घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळती, भोकं आणि निसटलेले सांधे यांतून वाया जाते, असा अमेरिकेच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाचा अंदाज आहे. सप्लायच्या बाजूची फट थंड हवा फॉल्स सीलिंगमध्ये सांडते. रिटर्नच्या बाजूची फट उलटं काम करते: माळ्यावरची धूळ आत ओढून घेते, तीही फिल्टरला वळसा घालून. दर वर्षी डक्ट साफ करूनही घरात धूळ येते अशी तक्रार असेल तर ही फट शोधावी. ब्लोअर चालू ठेवून सांध्याजवळ पेटलेली उदबत्ती धरली की धूर आत खेचला जातोय की बाहेर ढकलला जातोय, हे लगेच दिसतं. ग्लासवूल आणि प्लास्टिकपासून ती जरा लांब धरा.

फटी बुजवायला मॅस्टिक हा ब्रशने लावायचा घट्ट लेप वापरतात. रुंद फटीवर आधी जाळीची पट्टी, मग लेप. अॅल्युमिनियम फॉइलची टेपही चालते. ‘डक्ट टेप’ नावाची कापडी चिकटपट्टी मात्र नको. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये सांधे बुजवण्याचे निरनिराळे प्रकार गरम-थंड करून तपासले तेव्हा हमखास निकामी ठरली ती हीच पट्टी. नाव डक्टचं, उपयोग बाकी सगळीकडे.

## फिल्टर: स्वस्त आणि दुर्लक्षित

डक्टमध्ये धूळ जाऊच नये हे फिल्टरचं काम. त्याची ताकद मर्व्ह या १ ते १६ च्या श्रेणीत मोजतात. मर्व्ह ८ घरातली नेहमीची धूळ बऱ्यापैकी अडवतो. मर्व्ह १३ अगदी बारीक, ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांपैकीही निदान निम्मे पकडतो. घरात दमा किंवा अॅलर्जीचा रुग्ण असेल तर डक्ट साफ करण्यापेक्षा या बदलाचा उपयोग व्हायची शक्यता जास्त.

मात्र फिल्टर दाट होतो तसा ब्लोअरवरचा भारही वाढतो. अडीच सेंटीमीटर जाडीच्या चौकटीत एकदम मर्व्ह १३ घातला तर काही यंत्रणांची दमछाक होते: जाळीतून वारा मंदावतो, कॉइलवर बर्फ येतो. दहा सेंटीमीटर जाडीचा, खूप घड्यांचा फिल्टर बसेल अशी चौकट असेल तर हा त्रास होत नाही, कारण हवेला जायला क्षेत्रफळ जास्त मिळतं. चौकटीवरचा बाण ब्लोअरच्या दिशेने हवा. कडेला बोट जाईल एवढी फट असेल तर मर्व्हचा आकडा कितीही मोठा असो, हवा सोपी वाट धरणार. फोमची पट्टी लावून ती बंद करा. फिल्टर दर महिन्याला उजेडासमोर धरून पाहा, पलीकडचा दिवा दिसेनासा झाला की बदला.

## मंडळी निघण्याआधी

साफसफाई करून घेतलीच, तर शेवटची पंधरा मिनिटं स्वतः उभं राहा. पाडलेल्या प्रत्येक भोकावर झाकण आहे का आणि कडा बुजल्या आहेत का, ते हात फिरवून बघा. डक्टमध्ये हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा असतील तर त्या आधी होत्या तिथेच आणल्या का, विचारा. नाहीतर एक खोली गारठते आणि दुसरी तापते. फिल्टर नवा घाला. एसी सुरू करून प्रत्येक जाळीसमोर हात धरा.

मग एसी बंद करून ट्रेमध्ये हळूहळू लिटरभर पाणी ओता आणि कुणाला तरी ड्रेन पाइपच्या बाहेरच्या टोकाशी उभं करा. पाणी ट्रेमध्येच साचून राहिलं तर पाइपमध्ये शेवाळी गाळ आहे. बाहेरच्या टोकाला ओल्या-सुक्या व्हॅक्यूमची नळी फडक्याने गुंडाळून लावा आणि दोन-तीन मिनिटं ओढ द्या. तपकिरी जेलीसारखा गोळा बाहेर येतो. त्यानंतर पेलाभर व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवा आणि पाण्याने धुवा. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. पुन्हा लिटरभर पाणी ओता. बाहेर उभ्या असलेल्याने ‘आलं’ म्हणेपर्यंत मंडळींना निरोप देऊ नका.